मेजरसाहेबांचं नियुक्तीपत्र

वर्ल्ड कपसाठी स्टेडियमं उभी राहत होती तेव्हा मी दोह्यात एका कंत्राटदार कंपनीत ॲडमिनला होते. आमच्या कामगारांचा कॅम्प शहराबाहेर होता. तिथे जेवणावरून दोनदा मारामारी झाली, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "फौजी माणूस बसवा तिथे." निवृत्त झालेले एक मेजर मिळाले. त्यांचं नियुक्तीपत्र मी लिहिलं. खोल्या, गेटपास, शिक्षा, सगळं त्यांच्या हातात. 'त्यांचा निर्णय अंतिम राहील' हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. भारदस्त वाटलं, म्हणून घातलं.

त्या आठवड्यात मुलगी इतिहासाचा धडा वाचत होती. नव्या वसाहतीवर राजाने लष्करातला कॅप्टन गव्हर्नर म्हणून पाठवला, न्यायाधीशही तोच. तिने नेहमीसारखं इंग्रजीतच विचारलं, "मग त्याची तक्रार कुणाकडे करायची?"

"त्याच्याकडेच," मी म्हणाले आणि हसले.

महिन्याभराने रायगडकडचा एक सुतार ऑफिसात आला. मी मराठी म्हणून मला ताई म्हणायचा.

"ताई, माझा भाऊ कायमचा गावाला चाललाय. शुक्रवारी शहरात, अल मन्सूराला भेटणार होतो. मेजरसाहेबांनी पास दिला नाही. का, म्हणून विचारलं, तर दुपारभर गेटपाशी उन्हात उभं केलं. सगळे बघत होते." त्याने घडी घातलेला अर्ज पुढे केला. "माझं नाव तेवढं त्यांना कळू देऊ नका."

"बघते," मी म्हणाले.

कॅम्पच्या तक्रारी कॅम्पप्रमुखाकडे, असा आमचा नियम होता. हातात दुसरी कामं होती. मी अर्ज स्कॅन केला आणि नावासकट मेजरना पाठवून दिला.

त्याचं बाहेर जाणं दोन महिने बंद झालं. गाववाल्यांच्या खोलीतून त्याला हलवलं. भाऊ न भेटताच गेला. हे मला कंपनीच्या ड्रायव्हरने सांगितलं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग मी कॅम्पवर गेले, माफी मागायची असं ठरवूनच. सुतार कामावरून नुकताच आला होता, बुटांवर सिमेंट. मला बघून त्याने आधी खुर्ची पुसली.

"अर्ज माझ्याकडून..." मी सुरुवात केली.

"असू दे, ताई. तुमचाही नाइलाज असणार."

नाइलाज कसला? अर्ज खणात ठेवता आला असता. मॅनेजरकडे नेता आला असता. तो माझ्याकडे बघत उभा होता, मी बोलायची वाट बघत.

"हो ना," मी म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.