भिंतीवरची सवत

अंबडच्या एसटी स्टँडसमोर सर्जेरावांचा ‘प्रभा फोटो स्टुडिओ’ होता. त्या स्टुडिओतल्या खुर्चीत बसलेला माणूस देखणा होऊनच बाहेर पडतो, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. बाहेर पडतो म्हणजे फोटोतून हं! स्वतः तो आला तसाच घाम पुसत, कुरकुरत आपल्या गावची एसटी धरायचा. पण आठ दिवसांनी फोटो न्यायला आला की हरखून जायचा.

ही सगळी करामत पेन्सिलीची. सर्जेराव खिडकीपाशी तिरक्या चौकटीवर निगेटिव्ह लावायचे, डोळ्याला भिंग धरायचे आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं ठिपक्याला ठिपका लावत बसायचे. निगेटिव्हवर जे काळं, ते फोटोत गोरं. मग काय विचारता! चामखिळी गेल्या, सुरकुत्या बुजल्या, डोळ्यांखालचे खड्डे भरले. गिरिजाबाई नावाच्या एका म्हातारीचं बोळकं त्यांनी असं भरून दिलं की ती फोटो हातात धरून नातवाला विचारायला लागली, “ही कोण रं तरणीताठी?”

स्टुडिओत एक काळा कोटही होता. गावाकडचा माणूस सदरा घालून यायचा आणि फोटोत कोट मागायचा. तो कोट लठ्ठ माणसाला मागून उघडा ठेवायचा, बारक्याला मागून टाचण्या लावायच्या. समोरून कुणाच्या बापाला कळतंय? तालुक्यात अशी घरं होती, जिथं आजा, बाप आणि जावई ओळीनं भिंतीवर टांगलेले, आणि तिघांच्या अंगात तोच कोट. त्याचं तिसरं बटण तुटलं तेव्हा सर्जेरावांच्या बायकोनं, मालनबाईनं, आपल्या भावाच्या खाकी वर्दीचं पितळी बटण तिथं टाचलं होतं. भाऊ कडूबा एसटीत कंडक्टर. कोट काळा, बटण पिवळंजर्द. पण सर्जेरावांना त्याचं काही नव्हतं, कारण त्यांचा डोळा माणसाच्या हनुवटीखाली कधी उतरतच नसे.

आता मालनबाईचं सांगायला पाहिजे. लहानपणी तिला देवी आल्या होत्या आणि तोंडभर वण ठेवून गेल्या होत्या. बाई कामाला वाघ, बोलायला विळा, आणि हसली की सगळं घर हसायचं. लग्न झालं त्या साली सर्जेराव नुकतेच जालन्याच्या उस्तादाकडून रिटचिंग शिकून आलेले. नवी बायको आणि नवी पेन्सिल! त्यांनी मोठ्या हौसेनं तिचा फोटो काढला, एकेक वण बुजवला, काच लावून फ्रेम केली आणि तिच्यापुढं धरली.

“कोण हाये ही?” मालनबाईनं विचारलं.

“आगं, तूच की!”

“मी न्हाई बा. असंल तुमची कोणी.”

झालं. त्या दिवसापासून भिंतीवरची ती गुळगुळीत बाई तिची सवत झाली. रोज सकाळी मालनबाई तिची काच पुसायची, वर दोन शब्द सुनवायची. नवऱ्याशी वाजलं की म्हणायची, “आज भाकर मला मागू नका. तिला मागा, ती नटून बसलीय!” आणि कॅमेऱ्यासमोर मात्र ती पुन्हा कधी बसली नाही. सर्जेरावांनी हात जोडले, लाडीगोडी केली, पण बाई बधली नाही.

दोघांची एकुलती एक लेक प्रभावती. मॅट्रिक झालेली, बालवाडीत शिकवणारी. लहानपणी ती कॅमेऱ्याच्या तीनपायी तिकाटण्यावर पडली होती, तेव्हापासून डाव्या भुवईवर चांगली बोटभर खोक होती. पोरगी लग्नाची झाली. कडूबामामानं तीर्थपुरीचं एक स्थळ आणलं. मुलगा शाळेत मास्तर, नाव संपत. आधी फोटो पाठवा म्हणाले.

मालनबाईनं नवऱ्याला खिडकीपाशीच गाठलं. “पोरीच्या फोटूला पेन्सिल लावायची न्हाई. पाव्हणे पोरगी बघायला येतेन, तव्हा काय तिच्यापुढं भिंग धरून उभं राह्यणार तुम्ही?”

“बिलकुल न्हाई लावत. शप्पथ!”

सर्जेरावांनी शपथ मनापासून घेतली होती, यात शंका नाही. पण निगेटिव्ह चौकटीवर चढली, मागून उजेड आला आणि भुवईवरची ती खोक त्यांच्याकडं टकमक बघायला लागली. आपल्याच तिकाटण्यानं पोरीला दिलेली खोक! जीव कळवळला. एक ठिपका दिला. एकानं काय होतंय म्हणून दुसरा दिला. मालनबाईच्या हाती फोटो पडायच्या आत कडूबाची गाडी तीर्थपुरीला निघून गेली होती, आणि फोटोतली प्रभावती कशी नितळ, शुभ्र, पिठाच्या गोळ्यासारखी झाली होती.

आठवड्यानं कडूबा परत आला तो मुलाचा फोटो घेऊनच. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, ऐटबाज. सर्जेरावांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“वा! ह्याला म्हणायचं रूप! प्रभाची माय, हे बघ, अस्सल माल हाय. आयुष्य गेलं माझं ह्याच्यात. ह्या तोंडावर पेन्सिलीचा एक ठिपका सापडला तर मिशी उतरवून ठेवीन!”

मालनबाईनं फोटो घेतला. तिनं आधी बघितलं ते तोंड नव्हे, छाती. मग शांतपणे म्हणाली, “वस्तरा आणा.”

“का?”

“हे तिसरं बटण बघा.”

कडूबानं वाकून बघितलं आणि ओरडलाच, “आरं तिच्या! हे तर माझं बटण! दाजी, हा कोट आपला हाय!”

सर्जेरावांनी भिंग खाली ठेवलं. फोटो त्यांच्याच स्टुडिओतला. पेन्सिल त्यांचीच. ज्या कामाची ते एवढी वाहवा करून राह्यले होते, ते काम त्यांचंच! आता प्रश्न एवढाच की, ह्या पोराच्या तोंडावरचं आपण पुसलं काय? चामखीळ? ओठावरची चीर? की तिरळा डोळा? हजार तोंडं हाताखालून गेलेली, आठवणार कसं? पोरीच्या जन्माचा सवाल, आणि ज्यानं पुसलं त्यालाच ठाऊक नाही!

निगेटिव्हचे सगळे डबे उपसले. निगेटिव्ह सापडली. सर्जेरावांनी ती खिडकीपाशी तिरकी धरली, तशी पेन्सिलीची जागा चमकायला लागली. एक गाल, दुसरा गाल, नाक, कपाळ. अख्खं तोंड ठिपक्यांनी भरलेलं.

“देवीचे वण!” सर्जेराव कडाडले. “तोंडभर वण! असलं तोंड मी माझ्या पोरीच्या गळ्यात बांधू? जल्दी जा कडूबा, न्हाई म्हणून सांगून ये, आत्ताच्या आत्ता!”

कडूबा उठला नाही. तो बहिणीकडं बघत होता. मग सर्जेरावांनीही बघितलं, आणि आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं. जीभ चावून उपयोग नव्हता, तीर सुटला होता.

“बरं झालं,” मालनबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मला वाटायचं, तुम्हाला हुन्नर दाखवायची हौस हाय, म्हणून मला पुसलं. मी आपली थट्टा करून राह्यले. तुम्हाला माझं तोंडच बघवत नव्हतं, हे आज कळलं.”

“तसं न्हाई गं! लोकांनी तुला नावं ठेवू नये म्हणून...”

“लोकं कुठं होते? घरात तर तुम्ही आन् मी.”

त्या दिवशी मालनबाई ‘तिला मागा’ म्हणाली नाही. तिनं गुपचूप ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि आत निघून गेली. बाई भांडली असती तर बरं झालं असतं, असं सर्जेरावांना मनापासून वाटलं.

निरोप द्यायला निघालेल्या कडूबाला मालनबाईनंच अडवलं. “येऊ दे पाव्हण्याला,” म्हणाली. प्रभावतीही म्हणाली, “बघू तरी द्या आबा. खोक तर मलाबी हाय.” सर्जेरावांनी मान हलवली. नाही म्हणायला तोंडच राहिलं नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. संपत आणि त्याची आई उषाबाई. जयभीम झाला, पाणी झालं. संपतच्या तोंडावर वण होते, अगदी निगेटिव्हवर होते तेवढे. प्रभावती पोहे घेऊन आली, समोर बसली. उषाबाईनं तिच्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं, मग पुन्हा तिच्याकडं.

“आन् फोटूतली पोरगी कव्हा येणार?”

सर्जेराव उठून उभे राहिले.

“बाई, ती पोरगी मी केली. पेन्सिलीनं. आन् तुमच्या फोटूतला पोरगाबी मीच केलता. खोटं दोन्हीकडं माझंच हाय. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पोरीला काही बोलू नका.”

संपत हसायला लागला. “मामा, मला तव्हाच कळलं. पोरीच्या फोटूमागं तुमचा शिक्का हाय की! आमचा पुठ्ठ्यावर चिकटवला म्हणून तुम्हाला दिसला न्हाई. मी म्हणलं, ह्यांच्या हातून आलीय म्हणजे हिच्याबी तोंडावर काहीतरी असणार. मंग माझं भ्या गेलं. न्हाईतर त्या फोटूतल्या पोरीसमोर बसायची माझी काय छाती होती?”

प्रभावतीनं पहिल्यांदा मान वर केली आणि त्याच्याकडं नीट बघितलं. “बरं झालं आलात,” ती म्हणाली. “आमच्या घरात डाग नसलेलं माणूस एकच हाय. ते तिथं, भिंतीवर.”

उषाबाईनं वर बघितलं. “कोण हाये ही?”

मालनबाईच्या तोंडून सवयीनं निसटलं, “माझी सवत.”

अरे देवा! उषाबाईच्या हातातली पोह्यांची बशी तिथंच थांबली. “म्हणजे, पाव्हण्याला दुसरं घर हाय?”

जमत आलेलं लग्न मोडतंय म्हणून सर्जेराव हात हलवत पुढं आले. “न्हाई वो, न्हाई! ती हीच हाय! म्हणजे ही न्हाई, पण हीच! चुकलो मी, साफ चुकलो. उस्तादानं सांगितलं, डाग दिसला की भर. मी भरत गेलो. आन् जी माझ्या घरात उभी होती, तिलाच पुसून बसलो. हिच्यासारखी बायको अख्ख्या तालुक्यात न्हाई बाई, आन् मी हिला एवढं एकदाबी सांगितलं न्हाई.”

हे बोलताना ते उषाबाईकडं बघत नव्हते, मालनबाईकडं बघत होते. मालनबाईनं पदर तोंडाला लावला. “चहा ठेवते,” म्हणाली आणि आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही. मग मात्र चांगला दणदणीत आला, आणि कडूबानं सुटकेचा श्वास सोडला.

लग्न झालं. त्रिसरण-पंचशील झालं, फुलं पडली, जेवणं उठली. मग मालनबाई आपल्या पायानं कॅमेऱ्यासमोर येऊन बसली. “काढा,” म्हणाली. सर्जेरावांनी कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्यात डोकं घातलं आणि काचेवर तिचं उलटं तोंड बघत इतका वेळ राहिले की लोक म्हणाले, मशीन बिघडली वाटतं.

तो फोटो बिनापेन्सिलीचा निघाला. शोकेसमध्ये लावला तेव्हा गिऱ्हाइकं म्हणाली, “फोटूवाल्याचा हात गेला बरं का!” म्हणू द्या. सर्जेरावांनी फ्रेम आणून बायकोपुढं धरली आणि परीक्षेला बसल्यासारखे उभे राहिले.

मालनबाईनं फोटो उजेडाला धरला. एकेका वणावरून बोट फिरवलं. “वण बराबर हायेत,” ती म्हणाली. मग बोट कपाळाच्या वर गेलं आणि थांबलं. “आन् माझे पांढरे केस कुठं गेले?”

सर्जेरावांनी मान खाली घातली. “ते... ब्रश हातात व्हता. थोडी शाई लागली.”

मालनबाई हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, सवतीची फ्रेम थोडी बाजूला सरकवली आणि आपली तिच्या शेजारी धरली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “दोघींचं एवढं तरी जुळू द्या. खिळा आणा.”