वळूचा नंबर

नव्वदच्या दशकात शिराळ्याजवळच्या एका गावात मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. तेव्हा ज्याला त्याला दुधासाठी जर्सीचं रेतन हवं असायचं. माझा मात्र हट्ट, की उन्हातान्हात थोड्या चाऱ्यावर टिकणारी आपली खिलार संपता कामा नये. गावात खिलार राखणारी एकच मावशी उरली होती. नवरा फौजेत, घरी ती आणि तिची गाय. मी तिला पटवून ती गाय खिलार वळूच्या गोठवलेल्या रेताच्या कांडीनं भरवली. कालवड झाली. चौथ्या वर्षी कालवड माजावर आली, तेव्हा तीही मीच भरवली. खिलारची कांडी मिळाली याच आनंदात होतो.

दवाखान्यात परतून नोंद करायला बसलो आणि रिकाम्या कांडीवरचा नंबर ओळखीचा वाटला. जुनी वही काढली. तोच वळू. लेकीला मी बापाचंच रेत दिलं होतं.

रक्त इतकं जवळ आलं की दडलेले दोष वर येतात, वासरू आंधळं किंवा लुळं निपजू शकतं, हे मीच लोकांना सांगत फिरायचो. कालवड पुन्हा माजावर आली तर चूक आपोआप मिटेल, म्हणून एकवीस दिवस मोजले. ती उलटली नाही, म्हणजे गाभ राहिला होता.

शेवटी जाऊन सांगितलं. मावशी वैरण टाकत होती. तिनं हातातली पेंढी खाली ठेवली.

"मग आता काय करायचं म्हंतासा?"

गाभ पाडता येतो, पण कालवडीला त्रास होईल, असं मी म्हणालो. ती बराच वेळ कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"ऱ्हाऊ द्या. पर व्याताना तुमी हितं पायजे."

पुढचे महिने मी काही ना काही निमित्त काढून त्या गोठ्यात जायचो. एका दुपारी निरोप आला. गोऱ्हा झाला होता. मी आधी डोळे पाहिले, मग जबडा, मग एकेक पाय. सगळं ठीक होतं, फक्त अंगानं फार बारीक. उभं राहायला त्याला तास लागला.

त्याला वळू म्हणून ठेवू नका, एवढं मी सांगितलं. तिनं पुढं त्याला खच्ची करून हलक्या कामाला जुंपलं. मी वरच्या ऑफिसला अर्जावर अर्ज करून दुसऱ्या खिलार वळूच्या कांड्या मागवल्या.

बदली होईपर्यंत मावशीच्या शेतावरून जाताना मी सायकल थांबवून त्या बैलाची चाल बघत असे.