पुस्तक तर निमित्त आहे

आमच्या थेरगावात माणसाचा फोटो फ्लेक्सवर आला की एक तर त्याचा वाढदिवस असतो नाहीतर दशक्रिया. आणि महापालिकेची निवडणूक जवळ आली की वाढदिवससुद्धा निवडणुकीचाच असतो. आमच्या घरातल्या रुपालीकाकूचा फोटो डांगे चौकात लागला तेव्हा तिचा वाढदिवस नव्हता, आणि ती त्याच फ्लेक्सखाली उभी राहून मेथीच्या जुडीवरून भांडत होती. मग लोकांनी उरलेला अर्थ काढला.

खरी गोष्ट एवढीच होती की काकूचं पुस्तक येत होतं. काकू लग्न होऊन लातूरहून आली आणि चाकणला लागली, गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत. जाता-येता कंपनीच्या बसमध्ये बायका बोलतात, ही ऐकते. इतकी वर्षं ऐकून ऐकून पोट भरलं, तेव्हा तिने लिहायला घेतलं. पुस्तकाचं नाव ‘स्टॉप यायच्या आधी’.

त्यातली सातवी गोष्ट स्वरूपाची होती. स्वरूपा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला बंगला आहे, त्या आबाजींची सून. ती चिंचवडला ऑफिसात होती. ते ऑफिस बंद पडलं आणि ती घरात न सांगता काकूच्या लाइनवर लागली. नवऱ्याला माहीत, सासऱ्याला नाही. आबाजी गावचे जुने घराणेदार. “आमच्या घरातल्या बाया कंपनीत जात न्हाईत,” हे ते इतक्या वेळा बोललेत की मला त्यांच्या खोकल्यासकट पाठ आहे. म्हणून स्वरूपा रोज बसमध्येच ड्रेसवरचा कंपनीचा शर्ट काढून पिशवीत कोंबते, वर ओढणी घेते आणि एक स्टॉप आधी उतरून ऑफिसातून आल्यासारखी चालत घरी जाते.

“ताई, लिही तू,” ती काकूला म्हणाली होती. “पण ओळखू आलं तर माझी नोकरी गेली समज.”

“नाव बदलते, गाव बदलते, पोरांच्या पोरी करते. आणि तुझे सासरे पुस्तकं वाचतात का?”

“पेपरात पण फक्त निधन वार्ता वाचतात.”

“मग झालं की.”

झालं असतंही. पण गणराजकाकाला बायकोचं कौतुक उतू गेलं. तो काकूला न सांगता विक्कीच्या दुकानात गेला. विक्की आमच्याकडचे सगळे फ्लेक्स करतो, त्यामुळे त्याच्याकडे सगळ्यांचे हात जोडलेले फोटो असतात आणि नसतील तर तो जोडून देतो. काकूचा पासपोर्टचा फोटो होता. त्याला खांद्याखाली कुणाचं तरी हिरव्या साडीतलं अंग आणि जोडलेले हात आले.

“काकू, हात जोडावेच लागतात,” विक्की नंतर समजावत होता. “नुसतं हसत ठेवलं तर दाताच्या डॉक्टरची जाहिरात वाटते.”

फ्लेक्सवर लिहिलं होतं, थेरगावच्या लाडक्या लेखिका सौ. रुपालीताई गणराज बिडवे यांना पुस्तक प्रकाशनानिमित्त हार्दिक शुभेच्छा. पुस्तक हा शब्द फुलांच्या हारामागे अर्धा गेला होता. ‘ताई’ मात्र लांबून दिसत होतं. त्यात प्रभागातली एक जागा महिला राखीव पडलेली.

संध्याकाळपर्यंत गल्लीचा आवाज बदलला. कालपर्यंत “ओ बिडवे, पाणी वाहतंय तुमचं,” म्हणणारे लोक “ताई, जेवलात का?” विचारायला लागले. आमच्या खाली शमीमआपाचं पिको-फॉलचं दुकान आहे. ती दातात दोरा धरूनच बोलते.

“रुपाली, मला तरी खरं सांग. उभी राहतेस ना?”

“अगं, पुस्तक आहे. गोष्टींचं.”

“हां. पुस्तकच आहे.” तिने दोरा तोडला. “मागच्या वेळी हळदीकुंकूच होतं. त्याच्या आधी आरोग्य शिबिर होतं. मी काय आज आलेय इथं?”

गोष्टी म्हटल्या की लोक जास्तच हसायचे. एक जण ड्रेनेजच्या झाकणाचा फोटो घेऊन आला आणि म्हणाला, पुढच्या पुस्तकात घ्या. कंपनीच्या बसमध्ये तर काकू चढली की गप्पा बंद. शेवटी एकीने विचारलं, सहलीला कुठं नेणार, तुळजापूर का शिर्डी. काकू घरी येऊन काकावर चिडली. “मला एक माणूस पाहिजे होता. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून, बरं आहे का वाईट आहे सांगणारा. तू मला मतदार आणून दिलेस.”

“फ्लेक्स काढू का?”

“आता काढलास तर तिकीट कापलं म्हणतील.”

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रकाशन झालं. गर्दी भरपूर. काकूने एक पान वाचून दाखवलं, लोक विकासकामांवर कधी येते याची वाट बघत बसले. पुस्तकं हातात आली तेव्हा मागच्या रांगेतल्या तिघी-चौघींनी ती उलटी धरून झटकून बघितली. काहीच पडलं नाही. त्यांनी मग माझ्या पुस्तकाकडे बघितलं, माझ्यातून काही पडलं की काय म्हणून.

पहिल्या रांगेत आबाजी होते. निवडणूक आली की ते आमच्या नगरसेवकसाहेबांचे डोळे आणि कान होतात. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक मागूनपुढून बघितलं आणि कडेला उभ्या स्वरूपाकडेच पिशवी मागितली.

“सायबांनी समदं वाचून काढाया सांगितलंय,” ते म्हणाले. “आत कुणाकुणाचं नाव घेतलंय ते बघाया.”

स्वरूपाने पिशवी दिली. तिचा चेहरा त्या वेळी उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता. काकूने स्टेजवरून तो बघितला आणि आभार मानताना अध्यक्षांचं नाव विसरली.

पुढचा आठवडा आबाजी चौकातल्या पिंपळाच्या कट्ट्यावर बसून वाचत होते. ओठ हलवत. मध्येच थांबून ते पेन्सिलीने रेघ मारायचे आणि आमच्या घराकडे बघायचे. काकूच्या हातून पोळ्या करपायला लागल्या. “सातवीवर आले असतील का रे?” ती काकाला विचारायची. स्वरूपा बसमध्ये तिच्या शेजारी बसायची बंद झाली होती. रागाने नाही, भीतीने. पण काकूला ते रागासारखंच लागलं.

एवढ्यात फॉर्म भरायची मुदत संपली. काकूचा फॉर्म नव्हता. मला वाटलं, आता तरी पटेल. शमीमआपा म्हणाली, “बसवलं ना तुला? कुणी बसवलं, तेवढंच सांग.”

आणि त्याच संध्याकाळी आबाजी आमच्या दारात आले. काखेत पुस्तक, त्यात पेपरच्या पट्ट्या खोचलेल्या. काकूने चहा टाकला, तो त्यांनी बशीत ओतून संपवला. मग त्यांनी सातवी गोष्ट उघडली.

“ही बाई. शर्ट पिशवीत लपवती, ती. कोण हाय?”

“कुणी नाही, आबा. मनातली आहे.”

“गाव इंदापूर लिवलंय.”

“हो. मनातलं इंदापूर.”

“तिचा सासरा थंडीत रोज सुनेसाठी ऊस सोलतो. करवे करून वाटीत ठिवतो, ती यायच्या टायमाला.” त्यांनी पानावर बोट आपटलं. “थेरगावात सुनेला ऊस सोलून देणारा सासरा दावा मला दुसरा.”

काकूचा हात पदराकडे गेला. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, पोरांच्या पोरी झाल्या होत्या. ती उसाची वाटी तेवढी तिच्याच्याने काढवली नव्हती. ती काढली असती तर गोष्टीत गोड असं काहीच राहिलं नसतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

पंधरा दिवस ती गल्लीला शपथेवर सांगत होती की खोटं काही नाही, खरंच पुस्तक आहे. आता तिने फ्लेक्सवरच्यासारखे हात जोडले. “आबा, सगळं खोटं आहे. आमच्या लातूरकडं सगळेच सासरे ऊस सोलतात.”

“लातूरचे सासरे लई गुणाचे म्हणायचे.”

गणराजकाका घाईघाईने “हाव की,” म्हणाला. त्याच्या वडलांनी आयुष्यात केळंसुद्धा सोललं नव्हतं.

आबाजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “बरं, मनातली तर मनातली. पण त्या बाईला एवढी भीती कशाची? ऊस सोलणारा मानूस काय खातो का तिला?”

“त्याने सांगून ठेवलंय ना, बाया कंपनीत जात नाहीत.”

“मग वरडंल की. एक दिवस वरडंल. पुढं?”

“पुढचं मला माहीत नाही, आबा.”

“लेखिका तुमी का मी?” ते उठले. दारापर्यंत गेले, परत वळले. “पुढच्या पुस्तकात लिवा. तिनं शर्ट दोरीवर वाळत घातला. सासऱ्यानं बघितला आन् ऊस सोलत बसला. येवढंच लिवा, लांबण लावू नका. तुमी लांबण लई लावता, तिसऱ्या गोष्टीत तर झोप आली मला.” मग आणखी एक प्रत पिशवीत घालून मागून घेतली, घरात टेबलावर ठेवायला. “कुणाला वाचायचं तर वाचू द्या. आन् सायबांना सांगतो, आत कुणाचं नाव न्हाई.”

ते पिशवी घेऊन जाताना खालच्या दुकानाचं मशीन थांबलेलं मला ऐकू आलं.

पुढच्या सोमवारी आबाजींच्या गच्चीवर कंपनीचा निळा शर्ट वाळत होता, समोरच्या बाजूने, नाव रस्त्याकडे करून. शमीमआपा जिना चढून वर आली. दातात दोरा नव्हता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“तू फॉर्म भरला नाहीस. आबाजी पिशवी घेऊन गेले. आता त्यांच्या सुनेला तू कंपनीत चिकटवलंस. सगळं त्यांचंच झालं. मग तुला काय मिळालं?”

“एक वाचक,” काकू म्हणाली. “तिसरी गोष्ट लांबली म्हणाले.”

शमीमआपाने खांद्यावरचा दोरा ओढून परत दातात धरला.

“सांगायचं नसेल तर नको सांगूस,” ती म्हणाली आणि जिना उतरली.