हार नसलेला डबा

हसू येतं आता, पण कामाच्या पहिल्या दिवशी ऑफिस सांभाळणाऱ्या नंदिनीबाईंनी सयाजीला एसीवाला समजून स्टुलावर चढवलं होतं. आणि हा बाबाही निमूट जाळी झाडून उतरला, मग म्हणाला, "मी नेटवर्कवाला." साताऱ्याचं पाणी, बोलायचाच कंटाळा.

अठ्ठ्याण्णव साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुर्भ्याचा तो रंगांचा कारखाना उघडला आणि गोडाऊनला ऑफिसचा सर्व्हर सापडेना. मालाचं चलन निघेना, ट्रक गेटवर उभे. साहेबांनी सयाजीला ऐकवलं, ट्रक सुटले की तुझी रजा सुरू. संध्याकाळच्या एसटीनं त्याला आजारी आईकडे जायचं होतं. कोपरखैरण्यात घरी बायको तेजश्री पिशव्या भरून बसलेली.

सकाळपासून बिचाऱ्याचे ऑफिस-गोडाऊन खेटे चालले होते. गोडाऊनमधून सर्व्हरचा नंबर टाकला की सर्व्हर लगेच ओ देई, नावानं हाक मारली की गप्प. हिशेबाचा जुना सर्व्हर दुसरीच भाषा बोलणारा, तो मात्र तिकडून नीट दिसे. ऑफिसात तर सगळं नावानिशी चालू. मग बिघाड गोडाऊनचाच, असा नंदिनीबाईंचा निकाल. सयाजी थकून म्हणाला, ऑफिसातली मशीनं एकमेकांना नावानं ओरडून शोधतात, गोडाऊनच्या मधला राउटर ते ओरडणं पलीकडे जाऊ देत नाही. वायरी बदलल्या, सेटिंग तपासलं, राउटर बंद करून चालू केला. काही नाही.

शेवटी तो मटकन बसला आणि सवयीनं कोपऱ्यातल्या बिनस्क्रीनच्या डब्यावर चहाचा ग्लास ठेवला. एरवी तिथं चहा गरम राहायचा. आज गार झाला.

सयाजीनं हात लावून पाहिलं. डबा थंडगार. कुणाचं नाव, कुठला नंबर, हे पलीकडच्यांना सांगणारं मशीन तेच. खंडेनवमीला सगळी मशीनं बंद करून पुसली, पुजली. सयाजीनं डब्यालाही हार मागितला, तर बाई म्हणाल्या होत्या, तिथं बसतं कोण? आज ज्यानं त्यानं आपापलं चालू केलं. या बेवारशाला कोण विचारतंय? खुद्द सयाजीही दिवसभर त्याच्यासमोरून गेला होता.

त्यानं बटण दाबलं. थोड्या वेळानं गोडाऊन सांभाळणाऱ्या हौसेरावांचा फोन आला, सर्व्हर दिसला, चलन निघतंय.

ट्रक सुटले तरी सयाजी हलेना.

"मॅडम, हार."

"अरे, शिळा हार घालतात का? पुढच्या वर्षी बघू."

"आजच. मालक नाही म्हणून तर झोपला हा."

"एसटी चुकेल तुझी."

"चुकंल. तुमीच सांगा मग आईला."

नंदिनीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि आपल्या मॉनिटरवरचा सुकलेला झेंडू उतरवला.

"कुंकू पन द्या," सयाजी म्हणाला.

त्यांनी तेही दिलं.