कोऱ्या बशीतला हिरवा धागा

"पाण्यात काय आहे ते मागाहून बघू, आधी तुमच्या अंगावर काय आहे ते सांगा," असं तिने एकदा तपासणीला आलेल्या बड्या साहेबांना दारातच सुनावलं होतं. साहेबांचं जाकीट चकचकीत, प्लॅस्टिकच्या धाग्याचं. ते खुंटीला टांगून, सुती कोट चढवूनच त्यांना आत यावं लागलं. तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत तिचं नाव पडलं फौजदार.

तिचं काम असं: ओढ्यातले बोटभर मासे चिरायचे, त्यांची पोटं रसायनात विरघळवायची, उरेल ते गाळून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. मांस विरघळतं, प्लॅस्टिक उरतं. पिशव्यांचे पारदर्शक कण, टायरची काळी भुकटी, कपड्यांचे तंतू. काही मासे पोट गच्च आणि अंग वाळलेलं असे निघायचे. भूक भागल्याच्या भ्रमात उपाशी राहिलेले. ती त्यांच्याशी बोलायची. "काय रे बाबा, अख्खी बादली खाल्लीस?" आणि स्वतःच हसायची. इतक्या उदास कामात इतकं हसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तिच्या हसण्याला एकच जागा वर्ज्य होती. नणंदेशी, म्हणजे वन्संशी, कित्येक वर्षांचा अबोला. कारण दोघींनाही नीट आठवत नव्हतं, पण अबोला दोघींनी नेटाने पाळला होता. या थंडीच्या सुरुवातीला वन्संनीच तो मोडला. स्वतः विणलेला हिरवा, बिनबाह्यांचा स्वेटर तिच्या हातात ठेवून म्हणाल्या, "अस्सल लोकर आहे, वहिनी. तुमची ती खोली म्हणे बर्फासारखी असते." त्या दिवसापासून सुती कोटाच्या आत तो स्वेटर असायचाच. आमची झडती फौजदार घ्यायची. फौजदाराची कोण घेणार?

आणि याच थंडीत माशांच्या पोटांतून हिरवे धागे निघू लागले. जवळजवळ प्रत्येक बशीत. ओढ्याच्या वरच्या अंगाला प्लॅस्टिकच्या हिरव्या चटया विणणारा कारखाना होता. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, "आणखी कसला पुरावा हवा? अहवाल लिहायला घ्या." त्या दुपारी तिने डबा उघडलाच नाही. कारखान्यात वन्सं कामाला होत्या.

"लिहिणार?" मी विचारलं.

"लिहावं तर लागेलच. पण वन्सं पुन्हा तोंड फिरवतील बघ. आणि या खेपेला कारण दोघींच्याही लक्षात राहील."

लिहिण्याआधी फक्त कोऱ्या बशा बघायच्या राहिल्या होत्या. माशांच्या बशांशेजारी एक बशी नुसतं गाळलेलं पाणी घालून उघडी ठेवतात. खोलीच्या हवेतून काय पडतं ते तिच्यात कळतं. एरवी ती रोज बघतात. पण दारात फौजदार उभी असताना हवेवर संशय कोण घेणार? बशा झाकून कपाटात साठत गेल्या होत्या.

तिने पहिली बशी भिंगाखाली सरकवली. हिरवा धागा. दुसरी. हिरवा धागा. कोऱ्या बशीला पोट नसतं, ती कधी ओढ्याकाठी जात नाही. बराच वेळ ती भिंगावरून डोळा काढेना. मग तिचा हात सावकाश कोटाच्या आत गेला, स्वेटरची एक वीण चिमटीत धरून तिने तंतू उपटला आणि ज्योतीवर धरला. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. हा तंतू आक्रसला, वितळला आणि त्याचा टणक मणी झाला.

ती इतक्या मोठ्याने हसली की सर धावत आले.

"सर, चोर सापडला!"

"कोण?"

"फौजदार!"

"अहो, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून?"

"करीन की! दोनदा करीन!"

तिने केलंही. नवे मासे आणले आणि दोन सुती झंपर एकावर एक चढवून, कुडकुडत, गुणगुणत सगळी पोटं पुन्हा तपासली. कोऱ्या बशा कोऱ्या राहिल्या. माशांतही हिरवं काही निघालं नाही. पारदर्शक कण आणि काळी भुकटी होती तशीच होती. त्यांच्यासाठी हसण्याजोगा चोर सापडला नाही.

मग एका दुपारी तिने वन्संनाच प्रयोगशाळेत बोलावलं.

"लोकर म्हणाला होतात, वन्सं!"

"मग? लोकरीसारखंच लागतं की हाताला. कारखान्यात उरलेल्या धाग्याचं विणलं. मेंढी कुठून आणू?"

"अहो, तुमच्या मायेपायी तुमचाच कारखाना सुळावर चढत होता!"

वन्सं पोट धरून हसल्या, डोळे पुसले. मग एकदम गंभीर झाल्या. "म्हणजे आम्ही सुटलो?"

"सुटलात."

"मासे कुठले धरले होतेत?"

"पुलाखालचे."

"पूल लांब राहिला. आमच्या मागच्या मोरीच्या तोंडाशी बघितलंत? तिथे बघा. उद्या कोणी म्हणायला नको, वहिनी होती म्हणून सुटले. चला, मी जागा दाखवते."

"आणि तिथे निघालं तर?"

"तर लिहा! मी काय पुन्हा गप्प बसायला एवढी विणत होते?"

सर म्हणाले, "आज राहू द्या, गाडी नाही."

तिने सरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. काचेच्या दोन बाटल्या उचलल्या, एक वन्संच्या हातात दिली आणि त्यांच्यामागून पायीच बाहेर पडली.