शून्य बरोबर शून्य

माझा स्वभाव डूख धरण्याचा आहे, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याला विचारा, तो उदाहरणांसकट सांगेल.

डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करता करता मी गणिताच्या पार्टटाइम एमएस्सीला नाव घातलं आणि पहिल्याच वर्षी ॲनॅलिसिसच्या पेपरात आपटले. ऑगस्टमध्ये रिपीट परीक्षा होती. तीही गेली असती तर कोर्स संपला असता. म्हणून गणिताचे प्रश्न विचारायच्या एका साइटवर त्या पेपरातली माझी एक सिद्धता टाकली आणि विचारलं, हिला मार्क का मिळाले नाहीत?

पुण्यात शाळेत घोटून घेतली होती तशीच मी ती लिहिली होती. जे सिद्ध करायचं ते वर मांडायचं, दोन्ही बाजूंची काटछाट करत खाली यायचं आणि शेवटी 'डावी बाजू = उजवी बाजू' लिहून त्याखाली दोन रेघा मारायच्या. मी शून्य बरोबर शून्यपर्यंत व्यवस्थित पोचले होते.

टोपणनाव घेतलेल्या कुणा इसमाचं उत्तर आलं. "जे सिद्ध करायचं तेच तुम्ही गृहीत धरलंत. शून्य बरोबर शून्य एवढंच सिद्ध केलंत. त्याबद्दल कुणाला शंका नव्हती."

त्यावर धडाधड लाइक पडले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक होती, मान्य. पण चारचौघांत असं?

याचीही एक चूक काढायचीच, असं मी ठरवलं. रोज सकाळी ॲडम्सटाउनला ट्रेनमध्ये बसले की त्याची जुनी उत्तरं उघडायची. चूक काढायची तर आधी ओळ न ओळ कळायला हवी, म्हणून वही घातली. दोन वह्या भरल्या, आणि मेल्याचं सगळं बरोबर!

"अगं, सोड ना आता," नवरा म्हणाला. "युअर मॅनला तू आठवतही नसशील." इथे डब्लिनमध्ये 'तो बुवा' म्हणायचं तर 'युअर मॅन' म्हणतात.

"मला तो आठवतोय ना," मी म्हटलं.

जुलैत सापडला. एका उत्तरात त्याने दोन अनंत बेरजांचा क्रम बिनधास्त उलटवला होता, तसं चालतं का हे न तपासता. मी एक तक्ता मांडला. कर्णावर सगळे एक, प्रत्येकाच्या उजवीकडे उणे एक, बाकी शून्य. आडव्या ओळींनी बेरीज केली तर शून्य येते, उभ्या ओळींनी केली तर एक. खाली लिहिलं, "तुमच्या पद्धतीने शून्य बरोबर एक हे सिद्ध होतं. त्याबद्दल मात्र शंका आहे."

पाठवताना मला इतका आनंद झाला की हूस्टन स्टेशन आलेलं कळलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्याचं उत्तर आलं. "अगदी बरोबर. चूक दुरुस्त केली, आभार. इतकं नेमकं बघायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

ना राग, ना सारवासारव. मी कोण, हे त्याच्या गावीही नव्हतं. माझा नुसता तिळपापड झाला.

ऑगस्टमध्ये मी पास झाले, चांगल्या मार्कांनी. एकही सिद्धता उलटी लिहिली नाही.

त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर एकच आहे, "तुम्हीच." ते मी अजून दिलेलं नाही, आणि देणारही नाही. बसू दे वाट बघत.