एकहातीचा डावा खिसा

आमच्या ह्यांच्या पँटचा डावा खिसा सगळ्यात आधी फाटायचा. गुडघे नाही, बूड नाही, खिसा! मी शिवणकाम करणारी बाई, तरी वैताग यायचा. "अहो, घरी तरी तो हात बाहेर काढा की," म्हणायचे. तर उत्तर ठरलेलं, "असू दे गं, सवय आहे."

सवय विजेची होती. चालू तारेजवळ जायचं ते एकाच हाताने, दुसरा खिशात. दोन्ही हात टेकले की वीज एका हातातून शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते. एक खिशात असला की तिला ती वाटच मिळत नाही. म्हणून नाट्यगृहात सगळे त्यांना एकहाती म्हणत. ते तिथले दिवेवाले होते.

मी दिवसा कपडे शिवायचे आणि संध्याकाळी हौशी मंडळात काम करायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही चौघीजणी पडद्याचं भलंमोठं कापड ओढत होतो आणि हा गृहस्थ खिशात हात घालून उभा. मी तोंडावरच म्हटलं, "खिशात काय सोनं ठेवलंय का?" हसले. हसले म्हणजे ओठ जरासे हलले. त्यांचं हसणं तेवढंच.

त्या नाटकात शेवटी मी एकटी खुर्चीत बसलेली असायचे, मुलाची वाट बघत. एक शब्द नाही. माझ्या तोंडावरचा उजेड इतका सावकाश कमी व्हायचा, की तो नेमका कधी गेला हे कुणाला कळू नये. अख्खं नाटक त्या उजेडावर उभं होतं. तालमीत तो लोण्यासारखा उतरला. पहिल्या प्रयोगात मात्र शेवटी शेवटी दिवा फडफडायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, बल्ब बदला!" आणि सगळं थिएटर हसलं. मी विंगेत येऊन ढसाढसा रडले. पुढचा प्रयोग रविवारी होता. मी सांगून टाकलं, "दिवा असाच नाचणार असेल तर मी उभी राहणार नाही. शोधा दुसरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवे कमी-जास्त करायच्या यंत्राची पेटी उघडून मला समजावलं. माणूस बोलायला लागला की थांबायचा नाही, पण फक्त विजेबद्दल. घरातली वीज म्हणे सारखी उलटसुलट धावते, आणि दर वेळी उलटी फिरताना शून्यातून जाते. त्या शून्यापासून किती थांबून दिवा पेटवायचा, त्यावर उजेड कमी की जास्त ते ठरतं. उजेड मंद असताना शून्य जराही चुकलं की दिवा उडी मारतो.

"मग चुकू देऊ नका ना!"

"तेच तर अवघड आहे," म्हणाले.

दिग्दर्शकाला ते अजिबात अवघड वाटत नव्हतं. "मेन लाइनची तार सरळ तुझ्या यंत्रात घाल. शून्य आपोआप सापडेल. मध्ये ते सोंग कशाला?"

सोंग म्हणजे नखाएवढा काळा तुकडा. त्याच्या पोटात एक बारका दिवा आणि समोर त्याच्याकडे बघणारा डोळा. दिवा विजेच्या बाजूला, डोळा यंत्राच्या बाजूला. दोघांमध्ये तार नाही, नुसता उजेड. विजेची बातमी कळते, पण वीज येत नाही.

"सरळ तार मी घालणार नाही. रंगमंचावरच्या कंट्रोलला माणसं हात लावतात," ते म्हणाले.

"माझ्यासाठीसुद्धा नाही?" माझ्या तोंडून निघून गेलं. तोवर आमच्यात तसं काही ठरलेलंही नव्हतं, पण निघालं खरं.

"तुझ्यासाठी तर नाहीच." अहो-जाहो सोडून पहिल्यांदाच 'तुझ्या' म्हणाले. मग सांगितलं, त्यांचा थोरला भाऊ असाच गेला. एक हात तारेला, दुसरा लोखंडी कपाटाला. हे दारात उभे होते. तेव्हापासून तो हात खिशात. माझा राग कुठल्या कुठे गेला. पण दिवा फडफडतच होता, आणि रविवार जवळ येत होता.

शनिवारी मी स्टेजवर नव्या पडद्याचा मध्य काढत होते. ते शेजारी पेटीशी पुटपुटत बसले होते. "शून्याच्या जरा आधीच हा बारका दिवा विझतो आणि नंतर जरा उशिराने पेटतो. मी पेटण्यालाच शून्य धरत आलो. पण लोक आले की सगळे पंखे सुरू होतात, व्होल्टेज पडतं, आणि हा आणखी उशिरा पेटतो." तालमीला पंखे बंद असायचे, म्हणून तालमीत सगळं झक्कास!

मी कापडाची दोन टोकं जुळवली आणि घडीवर खडूची खूण केली. म्हटलं, "एकच टोक धरून मध्य सापडतो होय कधी?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. व्होल्टेज पडलं की तो बारका दिवा जेवढा उशिरा पेटतो, तेवढाच आधी विझतोही. म्हणजे मध्य जागचा हलत नाही! विझण्याची वेळ घ्यायची, पेटण्याची घ्यायची, आणि मधोमध शून्य. डोळा जरा सुस्त होता, त्याचा ठरलेला उशीर तेवढा वजा केला. ही युक्ती माझी, असं मी जन्मभर सांगत आले. "मला सुचलंच होतं, तू घाई केलीस," असं ते जन्मभर म्हणत आले. आमचं भांडण म्हणजे एवढंच.

रविवारी थिएटर भरलेलं, सगळे पंखे गरगरत होते. मी खुर्चीत बसले. उजेड उतरायला लागला. उतरला, उतरला, आणि एकदाही फडफडला नाही. अंधार झाला तरी कुणी टाळी वाजवेना, कारण संपल्याचं कुणाला कळलंच नव्हतं! त्या अंधारात कुणीतरी येऊन माझे हात धरले. दोन्ही हातांनी. मी लगेच ओळखलं, आणि मला इतका आनंद झाला की नमस्कार करायला उठायचंच विसरले.

पुढे संसार झाला, खिसे फाटले, मी शिवले. परवाच्या थंडीत त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या पायजम्याला खिसाच नव्हता. डावा हात आपला पांघरुणाखाली चाचपडतोय, चाचपडतोय. मला बघवेना. "इथे ठेवा," म्हटलं आणि तो हात माझ्या हातात घेतला. जरा वेळाने उजवाही आपणहून आला. नर्स दोनदा येऊन गेली. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत बसले होते, पापणीसुद्धा हलवली नाही म्हणा ना.

तरी ते कधी गेले, मला कळलं नाही.